केलं आणि झालं

परवा गुरुवारी दुपारी भाच्याचा फोन आला. गुरुवार म्हणजे भोसरीकरांचा रविवार. एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. नोकरी सुटून चार वर्षं झाली तरी ती सुट्टी माझ्या अंगातून गेलेली नाही, गुरुवारी मी दुपारची झोपतेच. त्यामुळे फोन उचलला तो जरा कुरकुरतच.

"मावशी, इफिशियन्सी आणि इफेक्टिव्हनेस यातला फरक सांग ना. पाच मार्कांना आहे. तू कंपनीत होतीस ना?"

तो एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हटलं, नोट्समध्ये काय लिहिलंय ते वाच. त्यानं वाचलं: कार्यक्षमता म्हणजे काम बरोबर करणं, परिणामकारकता म्हणजे बरोबर काम करणं. खाली व्यवस्थापनशास्त्रावर लिहिणारे पीटर ड्रकर यांचं नाव. मराठीत हे किती छान बसतं बघा, नुसते दोन शब्द इकडचे तिकडे केले की झालं. मी म्हटलं, मग हेच लिही की.

"हे सगळेच लिहिणार. मला उदाहरण हवंय. आणि डबेवाले नकोत, सरांनी आधीच सांगितलंय."

सर शहाणे दिसतात. माझ्या नोकरीत जेवढी ट्रेनिंग झाली, त्या प्रत्येकात जेवणाच्या सुट्टीआधी डबेवाले यायचेच. माणसं भुकेली असायची म्हणून असेल कदाचित.

त्याला मी दोन मिनिटांत काहीतरी सांगून वाटेला लावलं. पण नंतर झोप लागली नाही. जे सांगितलं ते पाच मार्कांपुरतं ठीक होतं, पण जे सांगायला हवं होतं ते राहिलंच. ते इथे लिहिते.

आमच्या शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीन चालतात त्या भागात, हा फरक समजायला इंग्रजीची गरजच नव्हती. सकाळी साडेसातला मी खाली उतरले की पहिला प्रश्न, "सत्तावीस नंबर झालं का?" उत्तर यायचं, "मॅडम, काल दोन्ही शिफ्टला फुल काम केलंय." मी विचारतेय झालं का, आणि तो सांगतोय केलं. वर्षानुवर्षं हे असंच चालायचं. त्यात खोटं कुणीच बोलत नसे. काम केलेलं असायचंच, घाम गाळून केलेलं असायचं. फक्त झालेलं नसायचं.

आता कंपनीबद्दल. नाव लिहीत नाही, मालक अजून दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवायचो. फोर्जिंग बाहेरून यायचं. आमच्याकडे टर्निंग, मग दात आणि स्प्लाइन, मग भट्टीत हीट ट्रीटमेंट, मग स्ट्रेटनिंग, ग्राइंडिंग, तपासणी, तेलात बुडवून क्रेटमध्ये, आणि टेम्पोनं चाकणला, ग्राहकाच्या कारखान्यात. मी १९९६ साली लागले, पंचवीस वर्षं तिथेच काढली, जवळजवळ सगळी पीपीसीत. पीपीसी म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल. प्लॅनिंग आम्ही करायचो, कंट्रोल कुणाचाच नसायचा. शॉपवर आम्हाला पोस्टमन म्हणायचे, कारण हातात कायम कागद आणि तोंडात कायम "हे अर्जंट आहे".

पार्ट नंबर दहा-दहा आकड्यांचे असायचे, त्यामुळे सगळे शेवटचे दोन आकडे वापरायचे. चौदा नंबर, सत्तावीस नंबर. या दोघांचीच गोष्ट सांगते. चौदा नंबर म्हणजे घरचा गुणी मुलगा. आखूड, हलका, एकदा मशीन सेट केलं की ५२ सेकंदांना एक पीस, डोळे मिटून. सत्तावीस नंबर लांब, मध्ये दोन ग्रूव्ह, वाकायची खोड, आणि ग्राहकाला लागायचा थोडा थोडा पण रोज.

२००९ मध्ये मालकांनी एक कन्सल्टंट आणला. गृहस्थ हुशार होता, खोटं कशाला बोलू. त्यानं ओईई आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशीन ठरल्या वेळेपैकी किती वेळ चाललं, चालत असताना ठरल्या वेगानं चाललं का, आणि निघालेल्या पीसपैकी चांगले किती, या तीन टक्केवाऱ्यांचा गुणाकार. ९० गुणिले ९५ गुणिले ९९ केलं की साधारण ८५ येतात, आणि हा ८५ म्हणजे वर्ल्ड क्लास. जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमसोबत, म्हणजे मशीनच्या देखभालीच्या पद्धतीसोबत, हे रुजवलं. मशीनचा वेळ कुठे गळतोय ते शोधायला हे माप उत्तम आहे. आमचा आकडा सुरुवातीला ६१ होता. खरंच वेळ वाया जात होता. कूलंट संपलं म्हणून मशीन उभं, क्रेन नाही म्हणून उभं, ऑपरेटर चहाला गेला तो परत येईना म्हणून उभं. ते सगळं त्यानं बंद केलं आणि आठ महिन्यांत ८४ वर आणलं. मालकांनी पेढे वाटले. रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात एक ढाल आली.

पण त्या गुणाकाराकडे नीट बघा. तीन आकडे आहेत. त्यातला एकही असं विचारत नाही, की हा पीस आज कुणाला हवा आहे का.

हे मला तेव्हा दिसलं असं मुळीच नाही. मी तर तो तक्ता भरत होते. रोज सकाळी एक्सेलमध्ये, हिरवा, पिवळा, लाल. महिन्याच्या शेवटी त्यावरून इन्सेंटिव्ह निघायचा आणि खाली माझी सही.

इन्सेंटिव्ह लागल्यावर माणसं काय करतील ते सांगायला ड्रकर नको. प्रत्येक सुपरवायझर चौदा नंबर मागायला लागला. "मॅडम, चौदाचं मटेरियल द्या ना, मशीन लागलेलंच आहे." मशीन लागलेलं आहे म्हणजे सेटिंग त्याच पार्टचं आहे, बदलायला नको. सेटिंग बदलायला दीड तास जातो, आणि तो दीड तास ओईईमध्ये नुकसान म्हणून धरला जातो. मग आठवड्याचं शेड्यूल असताना लोक तीन आठवड्यांचे चौदा नंबर करून मोकळे व्हायचे. टर्निंगचा तक्ता हिरवागार.

भट्टीवाल्यांचं माप वेगळं होतं. त्यांना किलोमागे विजेची युनिटं किती, ते मोजायचे. वरवर बघितलं तर बरोबरच आहे, भट्टीचं बिल बघून मालकांचा रक्तदाब वाढायचा. एका चार्जमध्ये साधारण ६०० किलो माल बसायचा आणि एक चार्ज निघायला नऊ-दहा तास. दोन वेगळ्या पार्टना केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची जाडी, वेगळी लागते, म्हणून ते एकत्र घालता येत नाहीत. मग भट्टीचा सुपरवायझर काय करणार? चार्ज भरेपर्यंत थांबणार. चौदा नंबरचे चार्ज भरभरून जायचे, कारण त्यांचे डोंगर लागलेले. सत्तावीस नंबर बिचारे शंभर-सव्वाशे पीस भट्टीच्या दाराशी उभे. सोबतीला आणखी दोनशे येतील तेव्हा आत जाऊ.

म्हणजे टर्निंगवाला कार्यक्षम, भट्टीवाला कार्यक्षम, आणि दोघांच्या मध्ये सत्तावीस नंबर तीन-तीन दिवस उभा.

आता त्या सोमवारचं. २०१० चा ऑगस्ट, पावसाची झड लागलेली. सकाळी दहाला चाकणहून फोन. रोज गोड बोलणारा माणूस त्या दिवशी फक्त आकडे बोलला. सत्तावीस नंबर रात्रपाळीत संपतील, सकाळी सातला लाईन थांबेल, थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचं डेबिट तुमच्या नावावर.

मी धावत भट्टीवर. १४० पीस दाराशी उभे होते, शुक्रवारपासून. वजन जेमतेम २७० किलो. आत चौदा नंबरचा चार्ज शिजत होता, तो बाराला निघणार. मी म्हटलं, निघाल्या निघाल्या हे घाला. सुपरवायझर म्हणाला, "अर्धा चार्ज? मॅडम, माझं युनिट बघा ना." मी म्हटलं, लिहून देते. त्यानं खरंच लिहून घेतलं. तो कागद त्याच्या फाइलला अजून असेल.

बाराला आत गेले ते रात्री पावणेदहाला बाहेर आले. मग स्ट्रेटनिंग. सत्तावीस नंबर भट्टीतून वाकूनच यायचा, ते त्याचं ठरलेलं. प्रेसवर एकेक पीस डायल लावून सरळ करायचा, तो करणारा एकच माणूस, आणि त्याला मी घरून बोलावून आणलेला. ग्राइंडिंगला तीन मिनिटांना एक. रात्री अडीचला मोजले तर ४८ झाले होते. म्हटलं, एवढे तर घेऊन जाऊ, उरलेले दुसऱ्या खेपेला. टेम्पोवाला एकटा जायला तयार होईना, गेटवर चलनाची कटकट झाली तर कुणाशी बोलू म्हणाला. मग मीच पुढच्या सीटवर बसले. नवऱ्याला फोन करून सांगितलं, त्यानं फक्त "बरं" म्हटलं, त्यालाही सवय झाली होती.

मोशीला इंद्रायणीच्या पुलावर वायपर बंद पडला. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून फडक्यानं काच पुसत पुसत टेम्पो नेला. मांडीवर चलन, त्यावर प्लास्टिकची पिशवी, मागे ४८ शाफ्ट. पाच क्रेट असतील नसतील. गेटवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. स्टोअरचा मुलगा झोपेतून उठून आला, क्रेट उघडले, मोजले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढेच?"

ते ४८ साडेआठपर्यंत पुरले. दुसरी खेप पोचायला अकरा वाजून गेले. मधले अडीच तास लाईन थांबली. डेबिट नोट आली ती आमच्या अख्ख्या शॉपच्या महिन्याच्या इन्सेंटिव्हपेक्षा मोठी होती.

आणि घरी न जाता मी तशीच ऑफिसला आले, तर टेबलावर सोमवारचा तक्ता भरायचा होता. टर्निंग ८६. भट्टी, माझ्या त्या अर्ध्या चार्जमुळे, पिवळी. लाल फक्त एक मशीन.

ते मशीन मामांचं होतं.

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने सेटर. सगळे मामाच म्हणायचे, मालकसुद्धा. त्यांच्याकडे कोपऱ्यातलं जुनं सीएनसी होतं. नवी मशीन मिळाली ती चौदा नंबरसारख्या पळणाऱ्या पार्टना, आणि किरकोळ, अडनिडी, थोड्या संख्येची सगळी कामं मामांच्या गळ्यात. शिफ्टमध्ये तीन-तीन सेटिंग. सत्तावीस नंबरही त्यांच्याचकडे व्हायचा. साहजिकच त्यांचं ओईई कधी ३८, कधी ४१. सात महिने सलग लाल. सात महिने इन्सेंटिव्ह शून्य. महिन्याला साडेसहाशे रुपये, आज हसायला येईल, पण २०१० साली मामांच्या घरी दोन पोरी शिकत होत्या.

त्या मंगळवारी मी डोळे चोळत त्यांच्या मशीनपाशी गेले. म्हटलं, मामा, काल तुमचं मशीन साडेचार तास बंद दाखवतंय. त्यांनी हातातली अ‍ॅलन की ठेवली आणि म्हणाले, "बंद कुठं होतं ताई? सेटिंग चाललं होतं. तुमच्याच तीन चिठ्ठ्या होत्या. अर्जंट लिहिलंय, बघा."

चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या होत्या.

म्हणजे त्या सोमवारी ग्राहकाला खरोखर हवं होतं ते काम करणारा माणूस अख्ख्या शॉपमध्ये एकच, आणि तक्त्यावर सगळ्यात नालायक तोच. सकाळी त्याला अर्जंटची चिठ्ठी द्यायची मीच, आणि महिन्याच्या शेवटी त्याचा इन्सेंटिव्ह शून्य करून खाली सही करायची तीही मीच. भाच्याला मी हे फोनवर सांगितलं नाही.

कन्सल्टंटच्या स्लाइडमध्ये फोर्डच्या कारखान्याचा एक जुना फोटो असायचा. हायलंड पार्क, १९१३-१४. हलत्या लाईनमुळे गाडीची चॅसिस जोडायला जिथे साडेबारा तास लागायचे तिथे ९३ मिनिटं लागायला लागली. स्लाइड तिथे संपायची. पुढचं मला फार नंतर वाचनात मिळालं. ८५० डॉलरची मॉडेल टी उतरत उतरत ३०० डॉलरच्या खाली आली, दीड कोटी गाड्या निघाल्या, एकाच मापाची गाडी त्यांच्याइतकी स्वस्तात आणि भराभर जगात कुणीच काढत नव्हतं. तोवर लोकांना बंद टपाची, रंगीत, दरवर्षी थोडी बदललेली गाडी हवीशी झाली होती, आणि ती जनरल मोटर्स देत होती. १९२७ च्या मे महिन्यात फोर्डला मॉडेल टी थांबवावी लागली, आणि नवी मॉडेल ए बाजारात यायला डिसेंबर उजाडला. त्या मधल्या महिन्यांत कारखाने बंदच होते म्हणा ना. ९३ मिनिटांत गाडी जोडणारी सगळी यंत्रं दुसरी गाडी जोडायला निरुपयोगी. फोर्डचाही चौदा नंबरच झाला होता.

चौदा नंबरवरून आठवलं. २०१० च्याच दिवाळीच्या साफसफाईत कंप्रेसर रूमच्या मागे नऊ बिन सापडले. वर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजरीची पिल्लं. पिल्लं हलवून बघितलं तर आत चौदा नंबर. तेल सुकून गेलेलं, वरच्या थरावर तांबडा गंज, खालचे अजून चकचकीत. प्रत्येक बिनला सुतळीनं बांधलेला हिरवा ओके टॅग. तपासलेले, पास झालेले, मोजलेले. प्रॉडक्शनमध्ये धरलेले, इन्सेंटिव्ह दिलेले. आणि मधल्या काळात ड्रॉइंगला रिव्हिजन येऊन ग्रूव्हची रुंदी बदललेली, म्हणजे आता ग्राहकाच्या काही कामाचे नाहीत. ५२ सेकंदांना एक या वेगानं केलेले ते शाफ्ट भंगारवाल्यानं किलोवर नेले. गेटपासवर सही माझी. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितलेत आणि त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं सगळ्यात वाईट मानलंय, कारण बाकीची सगळी नासाडी त्याच्याखाली लपते. लपते म्हणजे काय ते मला त्या ताडपत्रीखाली कळलं.

मग आम्ही काय केलं? फार काही थोर नाही. डिस्पॅचच्या दारावर एक पांढरा बोर्ड लावला. त्यावर पार्ट नंबर, काल किती मागितले, किती गेले, आणि शेवटी "झालं / नाही झालं". टक्केवारी नाही, रंग नाहीत. मालकांना मी सरळ सांगितलं, तुमचे पैसे फक्त या दारातून येतात, मशीनच्या दारातून येत नाहीत. मालक माणूस चांगला, ऐकून घ्यायचा. पहिल्या महिन्यात शंभर ओळींपैकी ५८ ना "झालं" होतं. ८४ ओईईवाल्या कंपनीत! मालक दोन दिवस बोलले नाहीत.

भट्टीला हुकूम झाला, सत्तावीस नंबर आला की अर्धा चार्ज का असेना, आत. जादा विजेचे चार-पाच हजार रुपये जायचे. त्या डेबिट नोटसमोर ते काहीच नव्हते. पण तिचा हिशेब वेगळ्या खात्यात, विजेचा वेगळ्या खात्यात. दोन आकडे एका कागदावर आणायला मला तीन मीटिंग लागल्या.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. चौदा नंबर आठवड्यापुरते झाले की नव्या मशीनचा ऑपरेटर मोकळा. त्यानं मोकळं बसायचं होतं, किंवा मामांच्या हाताखाली जायचं होतं. पण मोकळा माणूस कुणाला बघवतच नाही. मालकांना नाही, मॅनेजरना नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही. आपल्याकडे घरात बाई दुपारी आडवी झाली तर सासूला बघवत नाही, तसंच हे. साहेब खाली उतरले की ती पोरं कॉटन वेस्ट घेऊन स्वच्छ मशीन पुन्हा पुसायला लागायची. एकदा मालकांनी मला खिडकीतून दाखवलं, "बघा, पगार देतोय आणि बसलाय." मी म्हटलं, तो बसलाय हे चांगलं आहे, तो चालला असता तर कंप्रेसर रूममागे दहावा बिन झाला असता. ते हसले, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. आतून मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं, तरी मी बोलले.

कार्यक्षमता नको असं मी म्हणतेय असं कुणी समजू नका. वाहन कंपन्या वेंडरकडून दरवर्षी भाव कमी करून मागतात. पाच-दहा पैशांवर ऑर्डर जाते. ज्याला ५२ सेकंदांचं ५० करता येत नाही तो पाच वर्षांत गाळा भाड्यानं देतो, असे आमच्या रस्त्यावर चार गाळे मी दाखवीन. आणि शेवटी आमचा तिढा सुटला तोही कार्यक्षमतेनंच, फक्त ती योग्य जागी लावली तेव्हा.

झालं असं की मी मोबाइलच्या घड्याळावर मामांचं सेटिंग मोजलं. आख्खं, पहिल्या बोल्टपासून. ९५ मिनिटं. त्यात जॉ, म्हणजे पीस पकडणारे जबडे, बदलणं, सॉफ्ट जॉ बोअर करणं, टूल लावणं, ऑफसेट देणं, हे सगळं धरून ४२. आठ मिनिटं अ‍ॅलन की शोधण्यात, कारण ती पलीकडच्या मशीनवाल्यानं नेलेली. मग पहिला पीस काढून मामा तो क्वालिटीला घेऊन गेले, आणि तिथे तो टेबलावर ४५ मिनिटं पडून राहिला. फर्स्ट पीस ओके होईपर्यंत मशीन चालवायचं नाही असा नियम. क्वालिटीचं माप काय, तर दिवसाला किती रिपोर्ट. ते चौदा नंबरचे ठरलेले रिपोर्ट आधी उरकायचे, कारण ते पटपट होतात. म्हणजे मामांच्या माथी बसलेल्या लाल रंगातला जवळजवळ अर्धा लाल दुसऱ्याच्या टेबलावरचा होता.

जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं होतं, हे मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "त्यांच्याकडं अ‍ॅलन की असंल." आम्ही तीन मिनिटांवर नाही आलो. पण मामांना एक ट्रॉली दिली, त्यात त्यांच्या स्वतःच्या चाव्या, साखळीनं बांधलेल्या. पार्टवार जॉचे सेट आधीच बोअर करून नंबर घालून ठेवले. आणि क्वालिटीच्या टेबलावर एक लाल ट्रे ठेवला. त्यात पीस पडला की हातातलं सोडून आधी तो. तीन महिन्यांत सेटिंग ३५ मिनिटांवर आलं. मग सत्तावीस नंबर रोज थोडे थोडे करायला कुणाची ना राहिली नाही. पांढऱ्या बोर्डावर ९० च्या वर "झालं" दिसायला लागलं. ओईई मात्र ७३ वर घसरून तिथेच राहिलं, आणि काचेच्या कपाटातल्या ढालीला सोबत काही आली नाही.

हे कायम टिकलं असं सांगितलं असतं तर गोष्ट छान झाली असती. २०१६ ला नवे प्लांट हेड आले, त्यांनी शॉपवर मोठे टीव्ही लावले, त्यावर मशीनवार ओईई लाइव्ह. पांढरा बोर्ड आहे तिथेच होता, पण त्याच्या खिळ्याला कुणीतरी हेल्मेट अडकवायला लागलं, आणि हेल्मेटमागे "झालं" चा रकाना दिसेनासा झाला. मी रोज ते काढायचे, रोज परत यायचं.

हे फक्त कारखान्यातच असतं असंही नाही. मागच्या महिन्यात पेन्शनच्या कागदासाठी एका बँकेत गेले. टोकन मशीनच्या वर पाटी, सरासरी प्रतीक्षा ४ मिनिटं. माझा नंबर खरंच चार मिनिटांत लागला. काउंटरवरच्या मुलीनं कागद बघितला, टोकन बंद केलं आणि म्हणाली, "तीन नंबरला जा, नवीन टोकन घ्या." तीन नंबरला पाच मिनिटं. तिथून पुन्हा पहिल्याकडे. अशी चार टोकनं झाली, चारही वेळेत. कागद घेऊन मी घरी आले तो तसाच. त्या मुलीला बोलावंसं वाटलं, पण तिच्या मागे भिंतीवर तिचा तक्ता असणार आणि तो भरणारी कुणीतरी माझ्यासारखीच बाई असणार, म्हणून नाही बोलले.

मामांचं राहिलं. सेटिंगचं मोजमाप झाल्यावर मी मालकांकडे गेले आणि सांगितलं, त्या सात महिन्यांचा इन्सेंटिव्ह मामांना मिळायला हवा. ४,५५० रुपये. मालक म्हणाले, बरोबर आहे, अर्ज करा. मी अर्ज केला, त्याला माझ्या तिन्ही चिठ्ठ्या जोडल्या, मोजमापाचा कागद जोडला, मालकांची सही घेतली. अकाउंट्सला गेला. तिथून परत आला, वर पेन्सिलीनं लिहिलेलं, मागील वर्षाचे हिशेब बंद झाले आहेत. पुन्हा पाठवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा पाठवला तो आलाच नाही. मधे ऑडिट, मधे मालकांची बायपास, आणि २०१४ च्या मे महिन्यात मामा रिटायर झाले.

निरोपाच्या दिवशी समोसे खाताना मी विषय काढला. म्हटलं, मामा, ते तुमचे पैसे राहिले.

"असू द्या ताई," मामा म्हणाले, "तुम्ही केलंत ना सगळं."

केलं होतंच.